चुलीविना उकळी

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. घाटंजीचा आठवडी बाजार भरला होता, पण गिऱ्हाईक कुठं होतं? सारं अग्निनाथबाबाच्या मडक्याभोवती.

"ना लाकूड, ना काडी! हिमालयाच्या गुहेतला जागृत पाषाण!" बाबा गरजला आणि झोळीतला पांढरा दगड त्यानं थंड पाण्यात टाकला. दगड फसफसला, तडकला, पाणी खदखदू लागलं. लोकांनी हात जोडले.

तांड्यावरच्या लालीबाईच्या कडेवर तिची लहानगी होती. पोरीचे डोळे आलेले, पापण्या चिकटलेल्या. बाबानं वाटीभर पाणी दिलं. "निवलं की डोळ्यांत सोड. दोनच काय, तिसराही उघडेल!"

शाळेतल्या विमलताई गर्दीतच होत्या. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "हे पाणी आधी कुणी वापरलंय?"

"म्या," हंसाबाई पुढं आली. "मागच्या बाजारी गुडघ्याले चोळलं. कातडी सोलली, बाई!"

"पाप जळून राह्यलं तुझं," बाबा म्हणाला.

"आणि भांड्याच्या तळाशी काय राहिलं?" विमलताईंनी हंसाबाईला विचारलं.

"पांढरा गाळ. पानाले लावतो ना, तसा."

धावजी गाडीवान एकदम बोलला, "बाई, वणीच्या भट्टीवरून मी गोण्या आणतो. पावसात भिजल्या, तं गाडीतून वाफा निघाल्या. बैल बुजले माये!"

"गोण्यांत काय होतं?"

"कळीचा चुना."

लालीबाईनं वाटीत बोट बुडवलं होतं. विमलताईंनी तिचा हात धरला. "थांबा! चुना आहे हा. पोरीचे डोळे जातील!"

"मंत्राविना पाषाण पेटत नसतो!" बाबा ओरडला.

धावजीनं गाडीतून चुन्याचा एक खडा आणला आणि दुसऱ्या मडक्यात टाकला. "मले तं एकही मंत्र येत नाही, महाराज." पाणी तस्संच खदखदलं. बाजार खो खो हसला. हसणं थांबेस्तोवर बाबा झोळी घेऊन पसार झाला होता.

लालीबाई मात्र हसली नाही. तिनं वाटी ओतून दिली. "याच हातानं टाकलं असतं मी," ती म्हणाली. धावजीच्याच गाडीतून विमलताई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. मलमानं आठवड्याभरात पोरीचे डोळे उघडले.

हंसाबाईला जळलेलं कातडं ठाऊक होतं, धावजीला वाफ. दोघं बाबासमोर हात जोडून शेजारी उभे होते, पण एकमेकांशी बोलले नव्हते. पुन्हा कुणी चमत्कार मांडलाच, तर जोडलेले हात सोडा आणि शेजाऱ्याला विचारा, "तुले काय माहीत हाय?" मग त्याचं अन् आपलं जोडून पाहा.