शहाण्णव फ्रेम

गिरगावातल्या वाचनालयाच्या कार्यवाह नूपुर केळकर फोनवर म्हणाल्या, "व्याख्यानाचा विषय तुम्हीच ठरवा सर, फक्त तरुण मंडळी आली पाहिजेत." हेरंब वैद्यांनी नातीला विचारलं. ती म्हणाली, "जपानी अ‍ॅनिमेशन. हॉल भरेल. तुम्हाला शिव्याच घालायच्यात ना त्याला, घाला. पण आधी बघा तरी."

वैद्यांचं वय एकाहत्तर. त्यातली तीस वर्षं परळच्या स्वतःच्या स्टुडिओत जाहिरातींसाठी चित्रं हलवण्यात गेलेली. साबणाची वडी नाचवायची, दंतमंजनाच्या डब्याला हसवायचं, आणि हसवताना गाल वर गेला की डोळा बारीक झालाच पाहिजे, हा त्यांचा खाक्या. जपानी कामाबद्दल त्यांचं मत जुनं आणि पक्कं होतं: तोंड तेवढं हलतं, बाकी माणूस खांबासारखा उभा. आळशी काम. पण न वाचता बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते दीड महिना रोज सकाळी वही घेऊन बसले, वाचलं, पाहिलं, तारखा ताडून घेतल्या.

१९१७ सालच्या दोन-चार मिनिटांच्या लघुपटांपासून त्यांनी टिपणं काढली. पन्नाशीच्या दशकातले रंगीत, भरगच्च हालचालींचे चित्रपट त्यांना आवडले. ते काम त्यांच्याच धर्माचं होतं. मग १९६३ साल आलं. टीव्हीवर दर आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका द्यायची, हाताशी माणसं थोडी, पैसा थोडा. सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. त्या चोवीस फ्रेम आठ चित्रांत भागवायच्या, एकेक चित्र तीनदा वापरून. पात्र स्थिर ठेवून मागचा देखावा सरकवायचा. नुसते ओठ हलवायचे. इथवर वैद्यांना पटत होतं, नाइलाज म्हणतात तो हाच. पण पुढच्या पिढीनं त्या नाइलाजाची भाषा केली होती. पात्र काही करत नाही, नुसतं बसलंय, आणि बघणाऱ्याचं मन त्या रिकाम्या जागेत स्वतःहून चालत जातं. त्या जागेला तिकडे शब्दही होता, 'मा'. वैद्यांनी एक प्रसंग चारदा पाहिला. त्यातली बाई खिडकीशी सहा सेकंद निश्चल होती. चौथ्यांदा त्यांनी वहीत लिहिलं: थांबलेलं चित्र म्हणजे राहिलेलं काम नव्हे.

वाक्य लिहून झालं, आणि त्यांना मेघना परब आठवली.

मेघना भोईवाड्यातली. वडील गिरणीत, गिरणी बंद पडली तेव्हा ही शाळेत होती. पंच्याण्णव साली ती स्टुडिओत लागली, वय बावीस. हात असा की वैद्य तिच्या रेषेकडे बघून चष्मा पुसायचे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारी जपानी मालिका ती शेजाऱ्यांच्या व्हिडिओवर टेप करून घ्यायची आणि एकेक चित्र थांबवून मोजायची. वर्षभरानं तिनं स्वतःची तीन मिनिटांची फिल्म केली. चाळीतली बाई. गिरणीचा भोंगा बंद होऊन वर्षं लोटली, तरी पाळी सुटायच्या वेळेला ती चहा ठेवते, कप काढते, आणि दाराकडे तोंड करून बसते. एका महोत्सवासाठी फिल्म द्यायची होती. शेवटच्या आठवड्यात मेघनाचे वडील इस्पितळात गेले, चार दिवस ती आली नाही.

वैद्यांनी तिचा तक्ता उघडला. कुठलं चित्र किती फ्रेम दाखवायचं हे कॅमेरावाल्याला सांगणारा तो कागद. शेवटच्या चित्रासमोर तिनं ९६ लिहिलं होतं. चार सेकंद एकच चित्र. चहाची वाफ तेवढी हलणार. वैद्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर आभाळ कोसळलंय, वेळ मिळाला नाही, बिचारीनं आकडा टाकून जागा भरली. त्यांनी सहकारी विकासला बसवलं, स्वतः बसले, आणि दोन दिवसांत बाईला हलवलं. तिनं पापण्या मिटल्या, पदर सावरला, उसासा टाकला. उजव्या डोळ्यातून एक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत आला; त्या थेंबाचीच चौदा चित्रं झाली. प्लास्टिकच्या पारदर्शक शीट कमी पडल्या. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांनी वापरात नसलेल्या शीट पाण्यानं धुऊन पुन्हा घेतल्या. त्यात मेघनाची ती एक बसलेली बाईही धुतली.

फिल्मला बक्षीस मिळालं नाही. एक परीक्षक मात्र म्हणाला, "अश्रू काय ओघळलाय."  महिन्याभरात मेघनानं नोकरी सोडली. घरची अडचण असेल, असं सगळ्यांनी धरलं. पुढे वैद्य प्रत्येक नव्या मुलाला तो किस्सा सांगत: माणूस अडचणीत असला की त्याचं काम आपण पुरं करायचं.

आता त्यांना व्याख्यानात दुसरा किस्सा सांगायचा होता. खरा. पण त्याआधी तिला विचारायला हवं होतं.

विकासनं पत्ता दिला. लालबागला, मसाल्याच्या गल्लीत. एप्रिल संपत आला होता, म्हणजे वर्षाच्या मसाल्याचे दिवस. गल्लीत शिरताच वैद्यांना चार शिंका आल्या. दुकानात मिरची कुटायची यंत्रं धडधडत होती, आणि गल्ल्यावर, तोंडाला ओढणी बांधून, मेघना. केस पांढरे, हात तेच.

"सर?" तिनं ओढणी खाली केली. "तुम्ही मसाला न्यायला आलात की काय?"

"नाही. तुझ्याकडे आलो."

"मग आत या, नाहीतर रडाल." तिनं मागे वळून हाक मारली, "शेवंतीवयनी, जरा गल्ल्यार बस गो. आणि सरांका च्या सांग."

शेवंती, तिची भावजय, वैद्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "हेच काय गो ते चित्रवाले?" आणि उत्तराची वाट न बघता गिऱ्हाइकाकडे वळली, "ताई, बेडगी जास्त घातलीत तर रंग येईल, तिखटाचं मग मला विचारू नका."

मागच्या खोलीत पोत्यांच्या मधे दोन स्टुलं होती. वैद्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काय वाचलं, काय कळलं, शहाण्णव म्हणजे काय होतं. "तेव्हा मला ते दिसलंच नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, राहून गेलंय."

मेघना ऐकत होती. मग म्हणाली, "ती माझी आई होती."

"हे मला माहीत नव्हतं."

"तिला दाखवली मी फिल्म. बघून म्हणाली, 'मी कधी रडलंय गो?'" मेघना हसली, पण लगेच थांबली. "रडली नव्हती ती, सर. हाच तर मुद्दा होता. बसायची. तुम्ही तिला रडवलंत, आणि ते लोकांना आवडलंसुद्धा."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही दोन दिवस न जेवता काम केलं होतं माझ्यासाठी. सगळा स्टुडिओ मला म्हणत होता, सरांचे उपकार विसरू नकोस. भांडायलासुद्धा जागा नव्हती." तिनं चहाचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "ती शीट आहे का कुठे? मूळची?"

"धुतली."

"कागदावरचं चित्र?"

"स्टुडिओ बंद केला तेव्हा सगळं रद्दीत गेलं."

ती मान हलवत राहिली. बाहेर शेवंती कुणाला तरी पिशवीचं तोंड घट्ट बांधायला सांगत होती.

"पुन्हा काढशील?" वैद्यांनी विचारलं. "मी सगळी सोय करतो. आता कॉम्प्युटरवर एका दिवसात..."

"नाही." आवाज चढला नव्हता. "मला आता तो हात नाही. आणि आईही नाही, बघायला."

मग वैद्यांनी ज्यासाठी आले होते ते काढलं. शनिवारी व्याख्यान आहे. त्यात मी हे सांगणार. तुझं नाव घेऊन. चूक माझी होती म्हणून सांगणार.

"नका सांगू."

"का? लोकांना कळायला हवं, आपल्याकडे हे तू तेव्हा..."

"सर, तुम्ही सांगितलंत की काय होईल, सांगू? लोक टाळ्या वाजवतील. तुम्हाला. किती मोठ्या मनाचा माणूस, या वयात चूक कबूल करतो. माझी फिल्म एकदा तुमची झाली, आता तिची गोष्टपण तुमचीच होईल." ती उठली. "माझं नाव नाही, फिल्मचं नाव नाही, कुणी मुलीनं केलं होतं असंसुद्धा नाही. काहीच नाही. एवढं एक माझं ऐका."

"बरं," वैद्य म्हणाले.

निघताना तिनं पाव किलो मालवणी मसाला बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. ते पैसे द्यावेत असं त्यांना फार वाटत होतं.

शनिवारी हॉल खरंच भरला. वैद्यांनी वहीतली शेवटची तीन पानं घरीच काढून ठेवली होती. ते तासभर बोलले; तारखांत एकदाही अडखळले नाहीत. खिडकीशी बसलेल्या त्या बाईचा प्रसंग पडद्यावर दाखवला, तेव्हा दीडशे माणसं सहा सेकंद गप्प होती. त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. मेघना आली नव्हती.

प्रश्नोत्तरांत नूपुर केळकरांनीच माइक घेतला. "सर, नव्वदीत दूरदर्शनवर हे सगळं आपल्या लोकांनी पाहिलं. मग मुंबईत, मराठीत, कुणालाच या शैलीत काही करावंसं वाटलं नाही? तुम्ही तर तेव्हा परळमध्येच काम करत होता."

वैद्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: कोण? नाही म्हटलं की मेघनाची ती चाळीतली बाई दुसऱ्यांदा पुसली जाणार, आणि पुन्हा त्यांच्याच हातानं. तीस वर्षं ते खोटा किस्सा खरा समजून सांगत आले होते. आज खरं ठाऊक असताना खोटं बोलायचं होतं.

"माझ्या पाहण्यात नाही," ते म्हणाले.

नूपुरनं ते टिपून घेतलं. टाळ्या झाल्या.

पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या त्रैमासिकाचं मुद्रित तपासायला घरी आलं. चार पानांचा वृत्तान्त, नीट लिहिलेला. वैद्य लाल पेन घेऊन बसले. एका ठिकाणी १९६३ चं १९६८ झालं होतं, ते सुधारलं. 'सेकंदाला आठ फ्रेम' लिहिलं होतं. 'फ्रेम' खोडून 'चित्रं' केलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी वाक्य होतं: 'त्या काळात मराठीत या शैलीचा एकही प्रयोग झाला नाही, असे ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर हेरंब वैद्य यांनी स्पष्ट केले.'

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती. पेन त्या ओळीवर थोडा वेळ राहिलं, मग त्यांनी पान उलटलं, शेवटी सही केली आणि खाली लिहिलं: तपासले, छापावे.