वर्षाचे ठिपके

बायको गेल्याचं त्याला लिफ्टच्या टपावर उभं असताना कळलं. लिफ्टदुरुस्तीचं काम त्याचं. फोन मेहुणीचा होता. "भावोजी, खाली या," एवढंच ती म्हणाली, पण आवाजातच सगळं आलं. बायकोचं दोन दिवस डोकं दुखत होतं, तिसऱ्या दिवशी डोक्यातली शीर फुटली.

पंधरा दिवसांनी बायकोच्या कपड्यांखाली त्याला एक छोटी वही सापडली. नुसत्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एक ते पाचमधला आकडा. मध्येच लिहिलेलं, 'डॉक्टरांना दाखवणे'. त्याच्या मनात पाल चुकचुकली. कुठले डॉक्टर? आणि त्याच्यापासून चोरून?

तो शिस्तीचा माणूस. लिफ्टच्या सर्व्हिसिंगचा तक्ता लावावा तसे त्याने जानेवारीतच अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवस मोजून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वर्षभराचे ठिपके दिले होते. पाळीआधीचा आठवडा, म्हणजे बायकोच्या चिडचिडीचा. ठिपका असला की तो मुलीला सांगायचा, "आज आईच्या वाटेला जाऊ नकोस." त्याची आई म्हणायची, "आमच्या वेळी नव्हते बाई असले लाड. रुसायला वेळ कुणाला होता?" बायको हसायची, पण वरवर.

वही घेऊन तो तडक मेहुणीकडे गेला.

"कुणाकडे जायची ती? खरं सांग. तुला सगळं ठाऊक होतं."

"डॉक्टरीणबाईंकडे. मीच नेलं होतं."

"मग लपवलं कशाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याचेही ठिपके काढले असते!" मेहुणीने डोळे पुसले. "त्या म्हणाल्या, हा त्रास खरा असतो, नाटक नसतं. पण दोन महिने रोज तो किती होतो ते आकड्यात लिहून ठेवा. पाळीआधी वाढला आणि पाळी आल्यावर ओसरला, तर तो हाच. नाहीतर दुसरं काही आहे का, ते बघावं लागेल."

घरी येऊन त्याने शेवटचं पान काढलं. 'पाळी संपून चार दिवस झाले. डोकं, पाच. हे नेहमीचं नाही.'

हे मेहुणीनेच मागाहून लिहिलं असणार, असं आधी त्याला वाटलं. पण अक्षर बायकोचंच होतं. तो कॅलेंडरपाशी गेला. त्या तारखेवर त्याचा ठिपका होता. पाळी कधीच मागेपुढे झाली होती, ठिपके मात्र जानेवारीतलेच.

त्या सकाळी ती भिंतीला धरून म्हणाली होती, "अहो, दवाखान्यात नेता का? वेगळंच दुखतंय." त्याने कॅलेंडरकडे पाहिलं होतं. "तुझे दिवस आहेत. उतरेल दोन दिवसांत." आणि हत्यारांची पिशवी उचलून तो कामावर गेला होता.

काल मुलीने विचारलं, "बाबा, आई दवाखान्यात जायचं म्हणाली नव्हती का हो?"

"नाही," तो म्हणाला.

मुलीने मान हलवली, पण त्याच्यावरची नजर हटवली नाही. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.