चावी बाईच्या हाती

मी आशा हाये. म्हणजे दवाखान्यानं गावात ठेवलेली बाई. गोळ्या वाटा, बाळंतिणी सांभाळा, अन् जे काम साहेब लोकायले नको असते थे बी आमीच करा. गाव मले बेबीताई म्हणते. गावात मले कोणी खोटारडी म्हणत नाई, कारण कोणाले माहीतच नाई. तिघं सोडून.

ज्या साली गुलाबी अळीनं आमचा कापूस खाल्ला, त्या सालची गोष्ट हाये. बीटीचं बियाणं घ्या, अळी लागतच नाई, असं म्हणून दुकानदारानं पाकिटं गळ्यात मारली होती. दिवाळीच्या टाइमाले बोंड फोडून पाह्यलं तं आत अळी आरामात बसलेली. मंग काय बाप्पा, जो थो पाठीवर पंप घेऊन फवारत सुटला. घराघरात औषधाचे डबे झाले. कोणाच्या खाटेखाली, कोणाच्या चुलीमागं, कोणाच्या तं पिठाच्या डब्याशेजारी. धामणगाव बढ्याकडच्या दोन गावांत थेच औषध पिऊन माणसं गेली.

तवा सरकारनं पेट्या पाठवल्या. लोखंडी, हिरव्या, कुलपाच्या. औषध पेटीत, पेटी भिंतीले ठोकलेली अन् चावी घरच्या बाईजवळ. माणसाच्या डोक्यात वाईट इचार आला तं कुलूप पाहून थो दोन मिनिटं थांबते, अन् तेवढ्यात त्याचा जीव वाचते, असं तालुक्याच्या साहेबायनं शिबिरात सांगतलं. थे खोटं नाई. मी आजबी म्हणते, इचार चांगलाच होता. पण माणूस कुलपापाशी थांबते अन् मंग बाईपाशी येते, हे शिबिरात कोणी बोललं नाई. मी बी इचारलं नाई. चहा-पोहे खाऊन घरी आली.

पुस्तिकेत लिहिलं होतं की माणूस अंगावर आला तं बाईनं घराबाहेर पडावं, शेजाऱ्यायले हाक मारावी, आशेले फोन करावा. चार-पाच गोष्टी होत्या. आता सकाळी सात वाजता बाया वेचणीले निघालेल्या, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, त्यायले कोण पुस्तिका वाचून दाखवते? मी उभ्या उभ्या एकच सांगे, बायायहो, जीव गेला तरी चावी द्याची नाई. लय जोरात सांगे. त्या दिवसांत माह्या अंगातच आलं होतं.

किसनरावची बायको कोकिळा माह्या घरामागच्या गल्लीत राह्यते. बोलणं कमी, पण सांगतलं थे ऐकणारी. तिच्या घरी पेटी बसवली त्या दिवशी तिनं चावी काळ्या दोऱ्यात ओवली अन् पोतीसोबत गळ्यात घातली. मले म्हणे, ताई, या घरात माह्या ताब्यात पयलीच वस्तू आली. मी हासली. आपण लय मोठं काम केलं असं वाटलं मले.

पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, किसनराव वावरातून आला. सकाळपासून पिऊन होता. सारी बोंडं सडली, आता जगून काय करू, असं बडबडत पेटीपाशी गेला. कुलूप होतं. मंग कोकिळेपाशी आला. चावी दे म्हणे. तिनं नाई म्हटलं. त्यानं दोन ठेवून देल्या. तरी तिनं नाईच म्हटलं. दोरा तोडून चावी मुठीत घेतली अन् मूठ पोटाशी धरून खाली बसली. त्यानं त्या हातावर कुदळीचा दांडा हाणला. मनगटाचं हाड मोडलं, पण मूठ उघडली नाई. शेवटी त्याचंच अवसान गेलं. भिंतीले टेकून रडला अन् तिथंच झोपून गेला. जिता राह्यला. मी जे सांगतलं होतं, थे त्या बाईनं शब्दाले शब्द केलं.

तिच्या पोरीनं बलावलं म्हणून मी गेली तं ती चुलीपाशी बसलेली, हात मांडीवर ठेवून. खुर्शीदभाईची जीप सवाऱ्या भरून तालुक्याले, मोताळ्याले निघाली होती. त्यायनं एका शब्दात सवाऱ्या उतरवल्या अन् आमाले बसवलं. खुर्शीदभाई मले आपा म्हणत. दर राखीले माह्याकडून राखी बांधून घेणारा माणूस.

माह्या पिशवीत एक फारम होता. पेटीच्या घरी कोणाले जखम झाली तं आशेनं लगेच भराचा. कशानं लागलं, असं इचारून खाली चार उत्तरं छापलेली. पडून, गाडीनं, साप-विंचवानं, मारहाणीनं. एकापुढं खूण कराची. कोकिळा सातवी शिकलेली हाये. जीप गचके खात होती, ती कळ दाबत होती, अन् त्यातच तिनं डाव्या हाताचं बोट चौथ्या उत्तरावर ठेवलं.

"ताई, इथं खूण करा. सोळा वर्षं झाली, मले कोणी इचारलं नाई. या कागदानं इचारलं."

मी हाव म्हटलं. दवाखान्यात पोचून करते म्हटलं. अन् तेवढ्यात साहेबायचा फोन आला. आठ दिवसांनी सत्काराचा कार्यक्रम ठरला होता. पेट्यायच्या कामात आमचं गाव तालुक्यात पयलं आलं होतं. औषध पिल्याची एक घटना नाई, घरात मारहाणीची एक नोंद नाई. मी म्हटलं, साहेब, आज एका घरी असं असं झालं, माणूस वाचला पण बाईचा हात मोडला. त्यायनं ऐकून घेतलं अन् म्हणे,

"बेबीताई, तुम्ही समजदार आहात. काय लिहायचं ते तुम्हीच बघा."

बस, यवढंच. खोटं लिहा असं त्यायनं म्हटलं नाई. साहेब लोक असं कधी म्हणतच नसतात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं इचारलं, कशानं लागलं? कोकिळेनं तोंड उघडलं, अन् तिच्या आधी मीच बोलली. विहिरीवर पाय घसरला, मॅडम. फारमवर पयल्या उत्तरापुढं खूण केली. कोकिळेनं एकडाव माह्याकडं पाह्यलं अन् मंग मान खाली घातली. मंग तिच्या उजव्या मनगटाले पलास्तर घातलं.

मनाले मी लय समजावलं. मारहाण लिहिली तं पोलीस येतीन, किसनरावले नेतीन, थो सुटून येईन अन् पुन्हा तिलेच मारीन, मंग पोरीचं काय. सारं खरंच होतं. पण त्या टाइमाले माह्या डोळ्यांपुढं तिची पोरगी नव्हती. स्टेज होतं, अन् स्टेजवर मी होती. आग लागो माह्या तोंडाले.

खुर्शीदभाई दाराशी उभे होते, त्यायनं सारं ऐकलं. आपा म्हणणारा थो माणूस त्या दिवसापासून मले मॅडम म्हणते.

शाळेच्या मैदानात मंडप पडला. साहेबायनं भाषण केलं की या गावात एका माउलीनं नवऱ्याले चावी देली नाई अन् त्याचा जीव वाचवला. ही अर्धी गोष्ट त्यायले मीच पुरवली होती. उरलेली अर्धी बी त्यायले माहीत होती, ती त्यायनं सोडून देली. किसनराव अन् कोकिळा, दोघायले स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ, हार. लेकी-सुना, म्हातारे-कोतारे सारं गाव जमलेलं. फोटोवाला म्हणे, बाई, चावी वर धरा. डाव्या हातात नारळ, उजव्या हाताले पलास्तर, थो वर होईना. साहेबायनं तिच्या बाहेर आलेल्या बोटायत चावी अडकवली. तरी होईना. तवा किसनराव पुढं झाला. आंघोळ केलेला, पांढरा सदरा, शुद्धीवर असलेला. त्यानं खालून हलकेच तिचं कोपर धरलं अन् थो हात वर उचलला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. साहेब माइकवर म्हणे, पाहा, संसार असा पाहिजे. फोटोत पलास्तर दिसू नये म्हणून कोणीतरी त्याच्यावर शाल ओढली. कोणीतरी म्हणजे मीच.

स्टेजवरून उतरताना कोकिळा माह्यापाशी थांबली. आजवर ती नवऱ्याले 'हे' म्हणे, 'यायनं' म्हणे. त्या दिवशी तिनं पयल्यांदा 'त्याले' म्हटलं. माह्या हातात चावी ठेवली अन् हळूच बोलली.

"घ्या ताई. पुढच्या फवारणीले त्याले तुमच्या घरी पाठवते. चावीले नाई बी तुमीच म्हणजा, अन् मार बी तुमीच खाजा."

दोन दिवस ती चावी माह्या घरी खिळ्याले टांगलेली होती. पोळ्या लाटताना दिसे, भांडे घासताना दिसे. पिशवीत एक कोरा फारम बी होता. चौथ्या उत्तरापुढं खूण कराले किती वेळ लागते? मी दोनदा काढला अन् दोनदा घडी करून ठेवला. तिसऱ्या दिवशी साहेबायचा फोन आला. जिल्ह्याहून लोक येऊन राह्यले, कोकिळाबाईचं घर पाह्यतीन, पेटी पाह्यतीन, चावी बाईच्याच हातात दिसली पाह्यजे. आशेनं चावी स्वतःजवळ ठेवू नये, असा नियमच हाये म्हणे. नियम मले माहीत होता.

मी चावी घेऊन गेली. किसनरावनं खुर्ची देली, ताई बसा म्हणे, चहा टाकाले सांगतलं. भिंतीवर स्टेजचा फोटो लागलेला होता, काचेत. मी घरून लय बोलणं जुळवून आणलं होतं. माफी मांगीन, रडीन, फारम पुन्हा भरीन. आतल्या मोरीपाशी कोकिळा एका हातानं भांडे घासत होती. मी चावी पुढं धरली अन् तोंडातून निघालं, "उद्या पाहुणे येऊन राह्यले."

तिनं डावा हात लुगड्याले पुसला अन् पुढं केला. उजव्याचं पलास्तर काढाले अजून महिना होता.