भत्त्यावर जेवलेलं घर

हिंगोली परभणीतून वेगळी होऊन नवा जिल्हा झाला, त्या सालची ही गोष्ट. वारंगा फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं. टायर उघडून पडलं की ड्रायव्हरला बाकड्यावर टेकण्यावाचून इलाज नसतो, आणि टेकलेला ड्रायव्हर गप्प राहत नाही. म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या गोष्टी माझ्याकडे जमा. त्यातल्या बऱ्याच मी वाढवून सांगतो, नाही कशाला म्हणू? ही मात्र कमी करूनच सांगतोय. पूर्ण सांगितली तर तुम्ही ढाब्यावर जेवायचं सोडाल, आणि समोरचा ढाबेवाला माझ्या जिवावर उठेल.

पुनमचंद शेठच्या ट्रका डोंगरकड्याची केळी भरून दिल्लीकडे जायच्या. एका दुपारी शेठनं आपल्या ड्रायव्हरांना माझ्याच बाकड्यावर बसवून नवी रीत सांगितली. पगार निम्मा, बाकीचा भत्ता. जितके दिवस घराबाहेर, तितक्या दिवसांचा. घरी जेवला, तो दिवस कोरा.

"फायदा तुमचाच हाय," शेठ म्हणाला. "पगारातून फंड कापावा लागतो. भत्त्याला कुणी हात लावत न्हाई."

"आन् मी तापानं पडलो तर?" धनसिंगनं विचारलं.

"घरीच पडशील ना? मग भत्ता कशाचा?"

कळमनुरीचा कादर हसला. "मैं तो लेता, शेठ. पगार महिन्यानं तोंड दाखवतो, भत्ता रोज सलाम करतो!"

धनसिंग मात्र हसला नाही. तो जवळच्या तांड्यावरचा. त्याला एकच पोरगी, संगिता, नुकती बोलायला लागलेली. बाप गाडीवर गेला की रडायची, आणि परत आला की त्याला ओळखायला अर्धा दिवस घ्यायची. दाराआडून बघायची, जवळ यायची नाही. तो अर्धा दिवस धनसिंगला फार लागायचा. भत्ता घेतला तर बाहेरचे दिवस वाढणार, एवढंच त्याच्या डोक्यात. "या खेपेनंतर सांगतो," म्हणून तो उठला.

कादरनं भत्ता घेतला. भर पगारात जेवत नव्हता असा जेवायला लागला. बिर्याणी काय, मलईची लस्सी काय.

मग एकदा टळटळीत दुपारी तो माझ्या दुकानात आला. गाडीचं चाक धड होतं. तोंड मात्र राखेसारखं.

"चाचा, मी घरी गेलतो. खुर्शीदबीनं दार उघडलं, आन् डोक्यावर पदर घेतला. मला बघून! म्हनली, 'कौन होना?' कोन पायजे म्हनून. मी म्हनलो, 'अगे, मैंच कादर.' तर म्हनती, 'वो घर पे नै, गाडी पे गए.' दोरीवर माझा कुर्ता वाळत होता. हात लावला तर म्हनली, 'उसकू हात नको लगाओ जी, उनका है.'"

"थट्टा केली असंल बाईनं."

"थट्टा करताना मानूस डोळ्यांत बघतो, चाचा. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत व्हती. माझीच वाट बघून राहिली व्हती."

त्यानंतर कादर कळमनुरीच्या नाक्यावर गाडीतच राहायचा. खुर्शीदबी वाटसरूला पाठवावं तसं त्याला भाकर-सालन पाठवायची. भली बाई. पण ते सालन त्याला मातीसारखं लागायचं.

धनसिंगनं हे ऐकलं आणि बायकोला सांगितलं. रूपाबाई तांड्यावर वाढलेली, तिला यात नवल वाटलं नाही.

"आपले आजे-पणजे बैलांवर धान्य लादून मुलूखभर हिंडले," ती म्हणाली, "पर पोत्यातला मालकाचा दाणा कवा तोंडात घातला न्हाई. घरचं पीठ आन् घरचा तवा संग नेला. म्हणून बराबर तांड्यावर परत आले. कादरभाईनं वाटंचं खाल्लं, वाटंनं त्याला ठिवून घेतलं."

"मग भत्ता नको म्हणू?"

"काहून? घ्या की! पर खाऊ नका. पीठ, मिरच्या, स्टो गाडीत ठिवा. भाकरी थापता येत्यात का?"

"येत्यात. तुझ्यापरीस गोल."

"गप बसा!"

झालं. धनसिंग गाडीच्या सावलीत घरच्या पिठाच्या भाकरी थापायचा आणि भत्ता न मोडता रूपाबाईच्या हातात द्यायचा. रूपाबाई त्यातूनच कळमनुरीच्या बाजारातून ज्वारी, तेल, गूळ आणायची. आणि चमत्कार असा की धनसिंग कितीही दिवसांनी आला तरी संगिता लांबूनच "बापू!" म्हणून ओरडत धावायची. अर्धा दिवस काय, अर्धी घटकाही लागेना.

"शेठचा भत्ता बी घेतला आन् शेठला बी फसवलं," माझ्या बाकड्यावर मांडी ठोकून तो म्हणायचा. मी त्याला शाबासकी दिली. चहासुद्धा पाजला.

उन्हाळ्यात एकदा तो दिल्लीहून आला आणि सरळ तांड्यावर गेला. ऊन असं की कुत्री भिंतीला चिकटलेली. शेजारचा प्रेमसिंग दारात बाज विणत होता. त्याच्या भिंतीला लागून धनसिंगचं घर. तिथं आता मोकळी जागा होती. पडलेली भिंत नाही, चुलीची राख नाही, खांबाचा खड्डा नाही. कोंबड्या माती उकरत होत्या.

"प्रेमसिंगदादा, माझं घर?"

प्रेमसिंगनं वर बघितलं. "कोनतं घर, पाव्हणं? हितं पयल्यापासून आमच्या कोंबड्या असत्यात."

"रूपा कुठाय? संगिता?"

"कोन?" म्हणत प्रेमसिंग उठला आणि पाहुण्याला देतात तसा पाण्याचा तांब्या पुढं केला. "उनाचं आलाव. बसा घडीभर."

धनसिंग तसाच ट्रक घेऊन फाट्यावर आला. आणि माझ्या दुकानाच्या मागं त्याची दोन्ही माणसं होती. सकाळीच आली होती. कुठं जायचं म्हणून मी विचारलं, तर रूपाबाई म्हणाली होती, "कळंना." येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये ती बघायची आणि मान फिरवायची.

"घरी चूल पेटली, पर भाकर भाजंना," ती नवऱ्याला सांगू लागली. "जाळ लाव लाव लावला, पीठ कच्चंच. मग पाय उंबऱ्याभायेर निघाले ते थांबनात. हितं तीन दगड मांडले, तवा ठिवला, आन् बघा." टोपलीतली भाकर टम्म फुगलेली होती.

धनसिंग भाकरीकडं बघत म्हणाला, "मी न्हाई खाल्ला भत्ता. पर तुमी खाल्ला."

त्यानं पोरीला उचलायला हात पुढं केले. संगिता त्याच्याकडं बघत राहिली, मग आईच्या पदराआड गेली. एक डोळा बाहेर. अर्धा दिवस सरला, ऊन कललं, तरी तो डोळा तसाच. रूपाबाईसुद्धा बोलता बोलता पदर सावरायला लागली, अन् "अवो"चं "पाव्हणं" कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

तेवढ्यात पुनमचंद शेठ जीपमधून उतरला. धनसिंगनं त्याचे पाय धरले. "भत्ता बंद करा, शेठ. पयल्यासारखं पगारावर ठिवा."

"पगार घरवाल्याला असतो," शेठ शांतपणे म्हणाला. "मी तांड्यावरूनच येतोय. धनसिंग नावाचं तिथं कुणी राहत न्हाई म्हणाले. तुझं घर कुठं लिहू?" आणि त्यानं त्या दिवसाचा भत्ता पुढं धरला.

धनसिंगनं पोरीकडं बघितलं. ती आता रस्त्याकडं बघत होती. त्यानं भत्ता घेतला आणि समोरच्या ढाब्यावर गेला. पहिल्यांदाच. थाळी मागवली. मी त्याला दुकानातून हाक मारली, तर त्यानं फक्त हात वर केला. पहिला घास तोंडात गेला, आणि माझ्या मागं संगिता ओरडली, "बापू!"

ती रस्ता ओलांडून धावली. रूपाबाई हसत तिच्यामागं. तिघं एका ताटात जेवले आणि ट्रकमध्ये बसून गेले. तांड्याकडं नाही, दिल्लीकडं.

पुढं रस्ता रुंद झाला, माझं दुकान मागं सरकलं. शेठ वारला, त्याच्या गाड्या भंगारात गेल्या. धनसिंगची गाडी मात्र भर दुपारी फाट्यावरून जाते. मागच्या फळीवर लुगडं वाळत असतं. तिचं चाक माझ्याकडं कधीच आलं नाही.

एकदा ती थांबली. गाडी चालूच. खिडकीतून संगितानं डोकं काढलं. एवढी वर्षं गेली, पण पोरगं तेवढंच, नुकतं बोलायला लागलेलं. तिच्या हातात गरम भाकर होती, वाफ निघत होती.

"बाबा, जेवलाव का?"

मी सकाळपासून उपाशी होतो. भाकरीचा वास असा की पोटात खड्डा पडावा. हात आपोआप वर गेला. मग दुकानातून माझ्या सुनेनं, सुनितानं, विचारलं, "मामा, कुणाशी बोलून राहिलाव?" आणि मी हात खाली घेतला.