बालविभागातली चौदा पुस्तकं

कोपरीच्या वाचनालयात तपासणी म्हटली की ग्रंथपाल वासंतीबाईंची झोप उडते, हे सत्तावीस वर्षांचं जुनं दुखणं. यंदा मात्र ती आठवडाभर आधीच उडाली होती. बालविभागाच्या कपाटातली चौदा नवी पुस्तकं जागेवर नव्हती आणि ती कुणी नेली याची देवघेवीच्या वहीत एका ओळीचीही नोंद नव्हती.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पंख्याखाली बसून फुकट पेपर वाचणारी बाई. केर काढण्यापासून उसवलेली पुस्तकं शिवण्यापर्यंत सगळं तिनेच करायचं, आणि पगार विचाराल तर नाक्यावरची भाजीवालीसुद्धा तोंडाला पदर लावून हसेल. वर एक पुस्तक गेलं की चोर कोण, तर तीच.

पुस्तकं कुठे आहेत हे वासंतीबाईंना पक्कं ठाऊक होतं. ती सगुणाआईंकडे होती. सगुणाआई म्हणजे वाचनालयाचे कार्यवाह शिवराम यांची आई, कोपरीतल्या जुन्या आगरी घरातली, मानाची बाई. चाळीस वर्षं श्रावणात देवळात पोथी त्याच वाचत. पोथी मिटली की बायका रांगेने पाया पडत.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी, वाचनालय बंद करायच्या वेळेला, त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाय, मना वाचाला शिकव."

वासंतीबाई हसल्या. मग त्यांना म्हातारीचे डोळे दिसले आणि हसू विरलं. सगुणाआईंना एकही अक्षर येत नव्हतं; पोथी त्यांनी सासूच्या तोंडून ऐकून पाठ केली होती. पानं उलटायची ती अंदाजाने.

"आता इसराला व्हतं गं. एक दिस भर देवलान अडकंन, नि समद्यांना कलंल. कोनाला सांगू नको. वहीन माझा नाव बी नको, ती वही माझा शिवराम बघतो."

सत्तावीस वर्षांत वासंतीबाईंनी नोंद केल्याशिवाय स्वतःच्या नवऱ्यालाही पुस्तक दिलं नव्हतं. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली आणि मोठ्या अक्षरांची गोष्टीची पुस्तकं कापडी पिशवीतून गुपचूप जाऊ लागली. तपासणीची तारीख कळली तेव्हा सगुणाआई लेकीकडे खडवलीला गेलेल्या. परतल्या त्या नेमक्या तपासणीच्या सकाळी, आणि वासंतीबाई पुस्तकं आणायला धावायच्या आत तपासनीस बाई दारात हजर!

ऋजुता मॅडम तिशीच्या, बोलायला मऊ, नजरेला कडक. खरेदी यंदाची म्हणून त्यांनी पहिल्यांदा बालविभागाचंच कपाट धरलं.

"चौदा कमी आहेत. आणि देवघेवीतही नाहीत."

तपासणीला बसलेले शिवराम खुर्चीतून उठले. "बाई, काय आहे हे? पोपट रद्दीवाल्याच्या दुकानात आपल्या शिक्क्याची पुस्तकं मी स्वतः बघितलेली."

ती फाटकी पुस्तकं समितीनेच ठराव करून रद्दीत काढली होती, आणि ठरावाखाली सही शिवराम यांचीच होती. हे सांगायला वासंतीबाईंनी तोंड उघडलं, पण ऋजुता मॅडमनी तोवर पेन उघडलं होतं.

"मला अहवालात लिहावं लागेल," ऋजुता मॅडम म्हणाल्या. "गहाळ म्हणून."

"गहाळ कसली? चोरी लिहा. मी आत्ता चौकीत जातो."

पोलीस, चाळीच्या जिन्यात उभे शेजारी, चोरटी म्हणून गेलेली नोकरी; सगळं एका क्षणात वासंतीबाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. दिलेला शब्द त्या भीतीपुढे टिकला नाही. त्या बोलून गेल्या, "सगुणाआईंकडे आहेत."

शिवराम मोठ्याने हसले. "आमच्या आईकडे? पोरांची पुस्तकं? अहो, ती पोथी वाचते!" आणि हसतहसतच त्यांनी घरी फोन लावून आईला बोलावलं.

घर दोन गल्ल्यांवर. दहा मिनिटं लागली असतील. आई नाही म्हणाल्या तर आपण चोर, हो म्हणाल्या तर त्यांची चाळीस वर्षांची अब्रू जाणार. आणि वासंतीबाई मनात देवाचा धावा करत होत्या, की त्या हो म्हणू देत. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण धावा थांबेना.

सगुणाआई पिशवी घेऊनच आल्या. एकदा वासंतीबाईंकडे बघितलं आणि पुस्तकं टेबलावर ठेवली. "मोजून घ्या. मीच नेलेली."

"कुणासाठी?" शिवराम यांनी विचारलं.

"माझेसाठी."

ऋजुता मॅडमना ते पटेना. ही म्हातारी ग्रंथपालबाईंना पाठीशी घालते आहे असं कुणालाही वाटलं असतं. "आजी, यातलं एखादं पान वाचून दाखवाल?"

"वाच आई," शिवराम छाती काढून म्हणाले. "कळू दे यांना."

सगुणाआईंनी वरचंच पुस्तक उघडलं. अक्षराखाली बोट ठेवलं. "ए...का... रा...ना...त... ए...क... मा...मा...क...ड..."

"झाडा"पाशी त्या अडल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या. पहिलीतलं पोरही याहून भरभर वाचतं. पण पान संपेपर्यंत म्हातारीने बोट उचललं नाही. शिवराम यांचा चेहरा उतरत गेला. पान संपायच्या आधीच ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

ऋजुता मॅडमनी अहवालात लिहिलं: नोंद राहून गेली, पुस्तके परत मिळाली. आणि त्या पुढच्या कपाटाकडे वळल्या.

"आई," वासंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी घाबरले हो. मला माफ करा."

"भ्यालीस तं खरी." सगुणाआईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "ही गोस्ट आता घराघरान जाईल. सरावनाला आठ दिस हाईत. आठ दिसान होईल का गं माझी पोथी वाचून? खरीखुरी?"

आठ दिवसांत ते होणार नव्हतं. जोडाक्षरं अजून सुरूही झाली नव्हती.

"होईल," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.