हिरव्या हेल्मेटखालचे सातवे डोके

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे आणि माझा रंग हिरवा आहे. रंग मुद्दाम सांगतो, कारण माझी सगळी कहाणी त्या रंगाचीच आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये, नदीकाठच्या एका सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्यात, मी राहतो. आमच्याकडे कामात मुरलेली माणसे पिवळे हेल्मेट घालतात. हिरवे घालायचे ते नव्या, शिकाऊ माणसाने. हिरवे दिसले की जुन्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचे, यंत्रावर त्याला एकटे सोडायचे नाही, असा दंडक आहे.

प्लास्टिकच्या कारखान्यात, एका साच्यातून माझा जन्म झाला. माझ्यासोबत निघालेली बरीच भावंडे पिवळी होती, पण मी त्यांचा कधी हेवा केला नाही. पिवळे घालणाऱ्यालाही आधी माझ्याखालूनच जावे लागते, याचा मला अभिमान होता. शिवाय मिलमध्ये एक रीत होती. शिकणे पूर्ण झाले की शिकवणारा आपल्या हाताने हिरवे उतरवायचा आणि पिवळे चढवायचा. मग त्या हिरव्यावर सगळे कामगार सह्या करायचे आणि ते त्या माणसाला कायमचे देऊन टाकायचे. सह्यांनी भरून कुणाच्या तरी घरात खुंटीला लटकावे, एवढीच माझी इच्छा होती. मी काही फार मागितले नव्हते.

मी मिलमध्ये आलो त्याच वर्षी मालक रेजाँला एका सरकारी योजनेचा पत्ता लागला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला सोळा आठवडे कामावर घ्या, त्याला काम शिकवा, त्याच्या पगाराचा अर्ध्याहून जास्त भार आम्ही उचलतो, असे सरकारचे म्हणणे होते. योजनेला मी नावे ठेवणार नाही. आमच्या गावची पोरे शिकतात आणि पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर निघून जातात. त्यांना इथेच काम मिळणार म्हणून मीही हरखलो होतो.

पण रेजाँचे डोके वेगळेच चालले. सोळा आठवडे संपले की मुलाचा सगळा पगार आपल्या अंगावर येणार. त्यापेक्षा पुढचा विद्यार्थी आणला की सरकार पुन्हा आहेच. अशी सहा डोकी माझ्याखालून गेली. दर खेपेला माझ्या कपाळावरची नावाची पट्टी खरवडायची, नवी चिकटवायची, आतला घाम पुसायचा. पिवळे एकालाही मिळाले नाही. मला वाटायचे, पोरातच काहीतरी कमी असेल. इतका मी भोळा होतो.

सातवे डोके नोएमीचे. गेल्या मे महिन्यात ती आली. तिचा भाऊ आधीच पश्चिमेला गेलेला, घरी ती आणि आई दोघीच. नोएमीला गाव सोडायचे नव्हते. तिला करवतींना धार लावणाऱ्या म्हाताऱ्या आदेलारच्या हाताखाली दिले. करवतीचा लांबलचक पट्टा टेबलावर पसरायचा, पोक आले असेल तिथे हातोडीने हलकेच ठोकायचे, एकेक दात तपासायचा, असे ते काम. या कामाची माणसे आता शोधून सापडत नाहीत.

"काका, बघा ना, बरोबर झालंय का?" ती विचारायची.

"मला कशाला विचारतेस? मी कापणार आहे का लाकूड? चढव करवत आणि बघ."

असे म्हणायचा, पण तिची पाठ फिरली की तोच पट्टा बोटांनी चाचपायचा आणि मान डोलवायचा. जूनमध्ये त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत सांगितले, "सहा जणांना शिकवलं. ही माझ्या चुका काढते."

रेजाँ मोठ्याने हसला. "ऑगस्ट संपू दे, नोएमी. तुझ्या डोक्यावर पिवळं नाही चढवलं, तर नावाचा रेजाँ नाही."

मित्रांनो, त्या शब्दावर मी विश्वास ठेवला. नोएमीनेही ठेवला.

जुलैमध्ये आदेलारच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तो तीन आठवडे घरी. हिरव्याला एकटे ठेवता येत नाही आणि करवती तर रोज बोथट होणार. रेजाँने मला कपाटात टाकले आणि नोएमीच्या हातात पिवळे दिले. सह्या नाहीत, समारंभ नाही. तरी मी मनाची समजूत घातली, की आदेलार परत आला की होईल सगळे रीतसर. त्या तीन आठवड्यांत अख्खी मिल त्या पोरीच्या धारेवर चालली.

दुसऱ्या आठवड्यात कपाट उघडले.

"कॉलेजच्या मॅडम तपासणीला येतायत," रेजाँ म्हणाला. "तासभर हे हिरवं घाल."

"पण काका तर नाहीयेत. त्यांनी विचारलं तर?"

"काका जेवायला गेलेत. आणि एकटीनं काम करतेस का, असं विचारलं, तर नाही म्हणायचं. पिवळं हवंय ना तुला?"

मॅडम आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना बरे वाटले. "अरे वा, हिरवं हेल्मेट. नियम पाळता तुम्ही." मग त्यांनी नोएमीला विचारले, "तुला कधी एकटीला काम करावं लागतं का गं?"

रेजाँ तिच्या मागे दोन पावलांवर हाताची घडी घालून उभा होता.

"नाही," नोएमी म्हणाली. "काका असतात सोबत."

मॅडमनी ते लिहून घेतले. ज्याने तिची राखण करायची, त्या माझ्याच आडून तिला खोटे बोलायला लावले होते. त्या दिवशी मला माझ्या रंगाची किळस आली.

आदेलार कामावर परतला, तसे रेजाँने पिवळे काढून घेतले आणि मी पुन्हा नोएमीच्या डोक्यावर आलो. ऑगस्टचा शेवटचा शुक्रवार उजाडला. नोएमीने सगळ्यांसाठी काकवी लावलेले प्लोय, म्हणजे आमच्याकडची पातळ धिरडी, आणली होती. आदेलार काठी टेकत आला होता आणि त्याच्या खिशात सह्यांसाठी जाड पेन होते. तेवढ्यात रेजाँ आला.

"नोएमी, सोळा आठवडे झाले. सप्टेंबरात नवा मुलगा येतोय."

"पण तुम्ही पिवळं देणार म्हणाला होतात."

"शिकून तयार झालीस तर. कॉलेजच्या कागदावर बघ, तूच सांगितलंयस, एकटीनं कधी काम केलं नाहीस म्हणून. मग ही खोली तुझ्या हवाली कशी करू? उद्या काही झालं तर?"

"तीन आठवडे कुणाच्या धारेवर खाल्लंस रे?" आदेलार म्हणाला. "तुझा बाप असता तर त्यानं तुझं थोबाड फोडलं असतं."

"कागदावर दाखवा, आदेलार."

आदेलारजवळ कागद नव्हता. नोएमीने मला उतरवून टेबलावर ठेवले. "मीच नाही म्हणाले ना, काका," एवढेच ती बोलली. आदेलारने खिशातले पेन काढले, तर रेजाँने मला उचलले. "त्यावर काही लिहू नका. सोमवारी लागणार आहे."

नोएमी पुढच्याच आठवड्यात पश्चिमेला भावाकडे गेली. तिची आई आता एकटी राहते.

माझ्यावर आज आठव्या नावाची पट्टी आहे. ऑक्टोबरात मॅडम पुन्हा येतील आणि मला बघून त्यांना पुन्हा बरे वाटेल. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी असे बघायला गेलात, तर माझ्या रंगावर भुलू नका. माझ्याखालच्या पोराला मालकापासून दूर न्या आणि मग विचारा. नोएमीला त्या दिवशी कुणी फाटकाबाहेर नेऊन विचारले असते, तर तिने खरे सांगितले असते. मला ठाऊक आहे. मी तिच्या डोक्यावर होतो.