साडेसोळा फुटांचं ऊन

निरवांगीच्या आबाजींना सूर्य वचकून असायचा, ही गोष्ट खोटी मानणारा माणूस निरवांगीत तरी अजून जन्माला आलेला नाही. चाळीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली, पण घड्याळ कधी हाताला बांधलं नाही. काठीची सावली बघायची आणि वेळ सांगायची. एकदा तर म्हणे इंदापूरच्या स्टँडवरच्या घड्याळानं त्यांचं ऐकून आपले काटे गुपचूप मागं घेतले होते. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली, आणि आबाजींच्या काठीला कामच उरलं नाही.

काम होतं ते सुनेला. मनिषा शिवणात हुशार, पण गावात शिवायचं ते काय, तर झंपर आणि साड्यांचे फॉल. शहाण्णव सालच्या मे महिन्यात तिला बारामतीत विनयाबाईंच्या नव्या बंगल्याचे पडदे मिळाले. बारा खिडक्या! विनयाबाईंचे यजमान माधव सर कॉलेजात गणित शिकवायचे, आणि कॉलेजच्या नव्या वसतिगृहाचं सामान निवडणंही त्यांच्याकडंच होतं. ते म्हणाले, "हे पडदे नीट बसू द्या, मनिषाताई. मग वसतिगृहाच्या साठ खिडक्या तुमच्याच." तेव्हापासून मनिषाला तव्यावरच्या भाकरीतसुद्धा खिडकी दिसायला लागली.

अकरा खिडक्या तिनं स्वतः टेपनं मोजल्या. बारावी, हॉलची पश्चिमेची, तेवढी राहिली. तिच्यापुढं गवंड्याची परांची उभी होती आणि वरपासून खालपर्यंत गोणपाटं लोंबत होती. हॉलला मधे छत नव्हतं, तो थेट वरच्या मजल्यापर्यंत पोकळ. गवंडी म्हणाला, "परवा मोकळी करतो."

पण परवापर्यंत लग्नघरचे सतरा झंपर द्यायचे होते. आबाजींनी मिशीवरून हात फिरवला. "मी बाजाराला जानारच हाय. येताना मोजून येतो."

"मामंजी, जमंल का?"

"अगं, हजार मेंढरं पळता पळता मोजलीत मी. खिडकी तर जागची हालतबी न्हाय!"

ठरल्या दिवशी आबाजी टेप खिशात घालून बंगल्यावर पोचले, तेव्हा परांची उतरली होती. विनयाबाईंनी चहा दिला आणि सहज बोलून गेल्या, "पडदा दिसण्यापुरता नकोय हं, आबा. संध्याकाळचं ऊन सरळ आत घुसतं. बसवत नाही इथं. ते ऊन अडवायचंय बघा."

एवढं सांगून त्या आत गेल्या आणि आबाजी विचारात पडले. सून भलतंच मोजत होती म्हणायची! त्रास उन्हाचा, आणि माप खिडकीचं? रानात कोकरांच्या सावलीला कापडाचं पाल बांधायचं, तेव्हा त्यांची बायको साखरबाई आधी ऊन कुठवर येतंय तेच काठीनं मोजायची. मग काय, आबाजींनी भिंतीशी बैठक मारली. चार वाजता ऊन फरशीवर सात फूट आलं. पाच वाजता बारा. साडेपाचला जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकलं आणि सूर्य खिडकीसमोरच्या कडुलिंबांआड गेला. आबाजींनी टेप लावला.

"रुंदी सात, लांबी साडेसोळा," घरी येऊन त्यांनी सांगितलं.

"साडेसोळा?" मनिषाच्या हातातला झंपर खाली पडला.

"इंचानं कमी न्हाय."

मनिषाला तो पोकळ हॉल आठवला, ती उंच परांची आठवली, आणि तिनं जाड हिरवं कापड साडेसोळा फुटांवर फाडलं. चुण्यांसाठी रुंदी दुप्पट, चौदा फूट धरली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी अकरा पडदे असे बसले, की विनयाबाई प्रत्येक खोलीत दोनदा जाऊन आल्या. मग बारावा. हॉलची खिडकी जमिनीपासून सुरू होऊन सात फुटांवर संपत होती. पडदा मात्र संपेना! साडेनऊ फूट कापड फरशीवर लोळत राहिलं.

माधव सर चष्मा पुसत म्हणाले, "मनिषाताई, वसतिगृहाच्या खिडक्या माणसांच्या मापाच्या आहेत हो."

मनिषाचं तोंड उतरलं. "मामंजी, तुमी मोजलं तरी काय?"

"ऊन."

"ऊन?"

"बाईच म्हनल्या, ऊन अडवायचंय."

मनिषानं कात्री काढली. कापून पडदा बसला असता, पण साठ खिडक्या गेल्या त्या गेल्याच होत्या. आबाजींना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्यांनी कापडाकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, बाहेर अंगणात पडलेल्या परांचीच्या वाशांकडं पाहिलं.

"कात्री ठिव," ते एकदम म्हणाले. "कोकरांचं पाल आपन कधी आतनं बांधलंय का? चल, भाईर!"

पडद्याचं एक टोक खिडकीच्या वरच्या अंगाला बाहेरून बांधलं, दुसरं पुढं नेऊन तेवढ्याच उंचीच्या वाशांना. सुतळीला गाठी मारताना आबाजींचे हात वीस वर्षांनी लहान झाले. चौदा फूट रुंद, साडेसोळा फूट लांब हिरवा मांडव अंगणात ताणून उभा राहिला. मग सगळे आत येऊन बसले आणि साडेपाचची वाट बघू लागले.

ऊन आलं. मांडवाखालून सरकत, अंगणातून एकेक फरशी ओलांडत थेट खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. आत एक बोटभरसुद्धा नाही! खिडकी सताड उघडी, वारा आत खेळत होता. आबाजी पुढं सांगत, की सूर्यानं दोनदा वाकून बघितलं आणि मग लाजून कडुलिंबांआड गेला.

माधव सरांनी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर दोन त्रिकोण काढले, आकडे मांडले, आणि ते जोरात हसले. "जेवढं ऊन आत, तेवढी सावली बाहेर. साडेसोळाच येतात! आबा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मेंढरांनी. पन त्यांनी पिशवी न्हाय खराब केली."

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीच्या पंगती त्याच मांडवाखाली बसल्या. निघताना सर म्हणाले, "वसतिगृहाची पश्चिमेची ओळ नुसती भट्टी आहे. पडदे मनिषाताई मोजतील, बाहेरची सावली आबा. सोमवारी या."

मनिषानं मान डोलावली, आणि आधी जाऊन हॉलची उघडी राहिलेली खिडकी स्वतः मोजली. सात बाय सात. दोनदा.

एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "मामंजी, सोमवारी काय मोजताय ते मला आधी सांगायचं."

"सांगतो की. जागची हालत न्हाय ते समदं तुझं," आबाजी काठी पायांत नीट धरत म्हणाले, "आनि हालतंय ते माझं."